सगळ्यात जास्त टॅक्स कोण भरतं

आमच्या सोसायटीत कुठलाही वाद एका वाक्यावर संपतो. ते चेअरमन उत्तरेश्वरकाकांचं वाक्य आहे: "या बेचाळीस फ्लॅटमध्ये सगळ्यात जास्त इन्कम टॅक्स मी भरतो." पाणी कधी सोडायचं, जिन्यात कुठला दिवा लावायचा, गणपतीत स्पीकर किती वाजेपर्यंत, काहीही असो. वाक्य आलं की सगळे आपापल्या चहात बघतात.

तर जुलैमध्ये माझी शाळेच्या बॅडमिंटन संघात निवड झाली. माझी, म्हणजे मुक्ताईची. सातवीपर्यंत मी हजेरीला इतकं हळू 'येस मिस' म्हणायचे की दोनदा माझी गैरहजेरी लागली होती. आता नववीत मी संघात. आनंदाने मी जिना चढताना प्रत्येक मजल्यावर एकदा स्मॅश मारला, रॅकेट नसताना.

जिल्ह्याची स्पर्धा सप्टेंबरच्या शेवटी होती आणि सरावाला जागा नव्हती. म्हणजे होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या मागे चक्क आखलेलं कोर्ट आहे, फक्त त्यावर काकांची दुसरी गाडी कव्हर पांघरून वर्षभर झोपलेली असते. शेजारी भिंतीवर काकांच्या वळणदार अक्षरात पाटी: 'येथे खेळू नये. शटल गाडीस लागल्यास परत मिळणार नाही. गाडीस विचारू नये.'

मी थेट बेल वाजवली. "काका, दोन महिने गाडी दुसरीकडे लावाल का?"

"बाळ, या बेचाळीस फ्लॅटमध्ये..."

"म्हणजे जो जास्त टॅक्स भरतो त्यानं ठरवायचं, असं आहे का?"

"असंच समज," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

"पण भरतात का गं खरंच?" माझी मैत्रीण पूर्णिमा म्हणाली. बस. नागरिकशास्त्राच्या मिसनी माहितीचा अधिकार नुकताच शिकवला होता. आम्ही दोघींनी त्याच संध्याकाळी आयकर कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज केला. फी दहा रुपये, माझ्या खाऊच्या पैशांतून. 'आमच्या सोसायटीच्या चेअरमननी गेल्या वर्षी किती आयकर भरला, कृपया कळवावे.' खाली त्यांचं पूर्ण नाव, फ्लॅट नंबर आणि पिनकोडसुद्धा. सबमिट दाबलं आणि गच्चीवर जाऊन दमेपर्यंत नाचलो. उत्तर येईल, आम्ही ते मीटिंगमध्ये वाचू, गाडी हलेल. किती सोपं.

एक गोष्ट मात्र धड्यात नव्हती. ज्याची माहिती मागितली त्यालाच कार्यालय आधी पत्र पाठवून विचारतं, द्यायला तुमची हरकत आहे का? आणि सोबत अर्जाची प्रत जोडतं.

ऑगस्टच्या मीटिंगला काका आले ते पत्र हातात घेऊनच.

"अर्जदार," काकांनी चष्मा वर करून वाचलं, "कुमारी मुक्ताई. फ्लॅट नंबर अकरा."

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा पहिलीत गेले. पूर्णिमा सतरंजीचा धागा ओढत बसली.

"चेअरमनच्या घरात डोकावायला निघाली ही पोरगी," काका म्हणाले.

दुसऱ्या मजल्यावरचे बद्रीनाथ आजोबा आयकर खात्यातून निवृत्त झालेत. ते शांतपणे म्हणाले, "अगं, कुणाचं रिटर्न असं मिळत नसतं. खातं एकूण आकडे छापतं, किती लोकांनी भरला, किती जमा झाला. माणसाचं नाव घेऊन नाही. हां, निवडणुकीला उभं राहिलं की प्रतिज्ञापत्रात उत्पन्न लिहावं लागतं. ते कुणीही वाचावं."

"मग काका, उभे राहा ना," माझ्या तोंडून निघून गेलं.

मागून कुणीतरी शिट्टी मारली.

"आणि उभं नसेल राहायचं," आजोबा म्हणाले, "तर ज्याचं त्यानं आपणहून सांगायचं. तिसरा रस्ता नाही."

माझा आवाज मोठा आला, हजेरीच्या दुप्पट. "काका, त्या पत्रात विचारलंय, हरकत आहे का? मग हरकत नाही असं लिहा. तुम्ही तर दर मीटिंगला सांगताच."

काकांनी पत्राची घडी केली. मग घडीची घडी केली. "प्रश्न तत्त्वाचा आहे."

"अहो, तत्त्वाचा कसला," असं म्हणत भाग्यश्रीकाकू, म्हणजे काकांची बायको, बिस्किटांची डिश खाली ठेवून उभ्या राहिल्या. काकू घरीच असतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. "ह्यांचं हे सांगतील. मी माझं सांगते. जर्मन कंपन्यांच्या मशिनींची पुस्तकं भाषांतर करते मी, एकोणीस वर्षं. गेल्या वर्षी पावणेचार लाख टॅक्स भरला. आता ह्यांचा ह्यापेक्षा जास्त की कमी, ते ह्यांनीच सांगावं. मी नाही सांगणार, ती त्यांची खासगी गोष्ट आहे."

काकांनी पंख्याकडे बघितलं. पंखा चालूच होता, काही बोलला नाही.

"कमी," काका म्हणाले.

"ऐकू आलं नाही हो चेअरमन," आजोबा म्हणाले.

"कमी म्हटलं ना."

"म्हणजे ठरवणार काकू," मी म्हणाले. "काकांचाच नियम आहे. मी दारात विचारून घेतलाय."

"पण सगळ्या सोसायटीत सगळ्यात जास्त कोण, हे कुठं ठरलंय?" आजोबांनी सभोवती पाहिलं. "आहे कुणी पावणेचारच्या वर? सांगा आपणहून." खराडीला जाणारे तिघेही आयटीवाले एकदम मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं वाचायला लागले.

काकूंनी कमरेला खोचलेली गाडीची किल्ली काढून काकांपुढे धरली. "आत्ता हलवून या. चहा गार होणार नाही, झाकून ठेवते."

कार्यालयाचं उत्तर सप्टेंबरमध्ये आलं: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. काकांनी त्याची प्रत माझ्याकडून मागून घेतली आणि सूचनाफलकावर लावली, वर 'सर्वांनी वाचावे' असं लिहून. मागच्या भिंतीवरही आता नवी पाटी आहे, त्याच वळणदार अक्षरात: 'येथे गाडी लावू नये. शटल लागेल.'

जिल्ह्यात मी पहिली फेरी जिंकले, दुसरीत हरले, आणि हरूनही घरापर्यंत उड्या मारत आले. रोज संध्याकाळी सहाला काकू माझ्याबरोबर खेळायला येतात. त्यांना सर्व्हिस अजिबात जमत नाही. पहिली जाळीत, दुसरी आंब्यावर. तिसऱ्यांदा करायची की नाही, हे मात्र त्याच ठरवतात. टॅक्स त्या भरतात.