पोस्टरवरची सावेता

झाम्फिरा सकाळी अंगणात तांब्याचा हंडा वाळूने घासत होती आणि दहा वर्षांची सावेता तिच्याभोवती गिरक्या घेत एकच वाक्य घोकत होती. "आमच्या शाळेत कुणीच परकं नाही!" चेटकिणींच्या शाळेवरच्या सिनेमात तिला हे वाक्य मिळालं होतं.

"आमच्या चेटकिणींत या वेळी सगळ्या समाजांच्या मुली असतील," असं सिनेमा कंपनीने पेपरात मोठ्या थाटात जाहीर केलं होतं. रोमानियातल्या सिबिऊ शहराजवळच्या रोमा, म्हणजे जिप्सी लोकांच्या वस्तीतून सावेताला निवडलं, निळा झगा घालून बारा मुलींच्या मधोमध उभं केलं आणि पोस्टरसाठी फोटो काढला. गावच्या शाळेत मात्र ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची. इतर आयांनीच तसं बजावून ठेवलं होतं. पडद्यावर तो झगा पाहून तरी कुणी सरकून जागा देईल, एवढीच झाम्फिराची आशा. म्हणून तर नवऱ्याने ठोकून घडवलेला हंडा तिने शूटिंगला फुकट दिला.

शूटिंगच्या जागी दिग्दर्शकाची मदतनीस कोरिना फाटका घागरा घेऊन आली.

"मॅडम, निळा झगा कुठंय?" झाम्फिराने विचारलं.

"अगं, गोष्ट जरा बदलली. आता ही दुष्ट चेटकिणीची पोर. चमचे चोरते. गोड दिसेल."

"पण फोटोत तर..."

"फोटो झाला की! आणि चेटकीण तूच हो. तुला मेकअपसुद्धा लागायचा नाही."

आजूबाजूची माणसं फिदीफिदी हसली. काम सोपं होतं म्हणे. पळी घागऱ्याच्या घेराला पुसायची, हंड्यात बुडवायची आणि पोरांना सूप पाजायचं. बाईच्या कमरेखालचं कापड अन्नाला लागलं की रोमांच्या घरात ते भांडं बाटतं. धुऊन चालत नाही, फेकूनच द्यावं लागतं. आणि झाम्फिराच्याच हातून ते करवून घ्यायचं, वर त्याला रोमा बाईचं खरंखुरं रूप म्हणायचं!

"आमच्यातली बाई मेली तरी असं करणार नाही."

"अगं, खोटं असतं ते. सिनेमा आहे!"

"चोरटी पोर पण खोटीच ना? मग उद्या वर्गात हिला चोर म्हणतील तेव्हा सांगायला याल?"

कोरिनाचा आवाज चढला. "नको असेल तर चालती हो. पण मग पोरीलाही घेऊन जा!"

सावेताने फाटका घागरा छातीशी धरला होता. "आई, मी घालते गं हाच. तू भांडू नको."

दहा वर्षांच्या पोरीला इतकं पडतं घ्यायची सवय कुणी लावली? झाम्फिराने घागरा तिच्या हातातून काढून कोरिनाच्या खुर्चीवर टाकला, हंड्यातलं सूप गवतावर ओतलं आणि हंडा उचलला. सगळे ओरडत राहिले. मायलेकी घरी आल्या.

हिवाळ्यात सिनेमा लागला. चमचे चोरणारी पोर त्यात होतीच, एका गोऱ्या मुलीला काजळी फासून केलेली. वर्गातली पोरं सावेतालाच 'चमचेचोर' म्हणू लागली. आणि वर्गाच्या काचेच्या दारावर बाईंनी मोठ्या कौतुकाने वरची कड चिकटवून पोस्टर लावलं. वर 'सगळ्यांची शाळा' अशी अक्षरं आणि मधोमध निळ्या झग्यातली सावेता!

झाम्फिरा नवऱ्याची पत्रा कापायची कातर घेऊन भर दुपारी शाळेत गेली.

बाई धावत आल्या. "अगं, काय करतेस? कंपनीचं आहे ते!"

"पोस्टर ठेवा तुम्ही. पोर माझी आहे."

तिने सावेताला नीट, कडेकडेने कापून घेतलं, घडी न पाडता शालीखाली धरलं आणि ती निघून गेली.

पोस्टर अजून तिथेच आहे. मुलांना सोडायला येणाऱ्या आया त्याच्यासमोर क्षणभर थांबतात. मध्ये पडलेल्या भोकातून वर्गातला शेवटचा बाक सरळ दिसतो आणि त्यावर एकटी बसलेली सावेता.