मागे न जाणारी गाडी

“जो खर्चाला वठणीवर आणतो, तोच इतिहास घडवतो!” एवढं बोलून साहेब खुर्चीत मागे रेलले आणि खुर्चीचं चाक निखळलं. ठेक्याच्या टपालगाड्यांचा खर्च तपासणाऱ्या कारकुनाने त्यांना कसंबसं सावरलं.

“डोंगराकडच्या फेरीला एवढं डिझेल कसं लागतं?” साहेब भिंतीला धरून म्हणाले. “आज गाडीत बसून जा. संध्याकाळी अहवाल हवा. घोळ निघाला तर ठेका रद्द.”

त्या फेरीचा ठेकेदार म्हणजे कारकुनाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. कारकुनाने डबा न उघडताच पिशवीत परत टाकला. ताईसुद्धा परवा विचारत होती, “रोज उशीर करतात रे. जातात तरी कुठे?”

दाजी शीळ घालत गाडी हाकत होते. शेवटच्या गावात रस्ता एका भिंतीपाशी संपत होता. दाजींनी गाडी बरीच अलीकडे, तळ्याकाठच्या फाट्याशी थांबवली, टपालाची पिशवी खांद्यावर टाकून चालत पोचवली आणि परतताना अख्ख्या तळ्याला वळसा घातला.

“दाजी, गाडी तिथेच वळवायची ना!”

“तळं बघ की. काय झकास आहे.”

“रोज बघता?”

दाजींची शीळ थांबली.

“ती मागे जात नाही रे.”

“कोण?”

“गाडी. रिव्हर्स पडतच नाही. पुढे म्हटलं की घोडा, मागे म्हटलं की ढिम्म. डिझेल टपालखात्याचं, दुरुस्तीचा खर्च माझा. म्हणून फिरतो.”

“ताईला माहितीये?”

“सांगितलं तर अंगावरचं सोनं काढून देईल. मग मी झोपू कसा?”

गाडी नादुरुस्त लिहिली, तर नियमाने ठेका आजच जाणार. डिझेलचा हिशेब लागत नाही म्हणून लिहिलं, तर दाजी चोर ठरणार. काहीच लिहिलं नाही, तर साहेब त्यालाच धरणार. त्याने काच खाली केली, पुन्हा वर केली.

कचेरीच्या आवारात गाडी नेहमीच्या वळणावर आली, तर समोर साहेबांची मोटार आडवी उभी. दाजींनी ब्रेक दाबला. दोन्ही गाड्यांमध्ये जेमतेम हातभर जागा उरली.

कारकुनाने पेन उघडलं. कागदावर टेकवलं. मग टोपण लावून खिशात ठेवलं.

“लिही बाबा, काय लिहायचं ते,” दाजी हळूच म्हणाले. “फक्त आधी उतरून जरा मागे ढकलतोस का?”