पत्र्यावर आडवा

मी नेरिडा कॉगलनच्या पत्र्यावरचा अँटेना बोलतोय. होतो, म्हणायला हवं. माणसांचा मला मनापासून वीट आलाय आणि तो ओकल्याशिवाय मी गप्प बसणार नाही.

मला स्टांको नावाच्या म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिकने घडवलं. पितळी सळ्या, एक वर उभी, चार खाली पसरलेल्या, एवढंच माझं शरीर. रविवारच्या बाजारात त्याच्या टेबलावर माझ्या शेजारी दुकानी, चकचकीत भाईबंद मांडलेले असत. गिऱ्हाईकं यायची, त्यांचे हातपाय ओढून बघायची आणि सगळ्यांत झगमगीत असेल तो उचलून न्यायची. आपल्याला ऐकायचंय काय, याचा एकालाही पत्ता नसायचा. बघून शिसारी यायची.

नेरिडा आली ती डग नावाच्या दिराला बरोबर घेऊन. तिच्या ओट्यावर स्कॅनर होता, दुसऱ्यांचं वायरलेसवरचं बोलणं पकडणारा डबा. पण कुराबिनच्या खोऱ्यात तो नुसता खरखरायचा. पेन्शनमध्ये बसेल असा, घराबाहेर लावायचा अँटेना तिला हवा होता. डगने आठ हातांचं एक धूड उचललं आणि म्हणाला, याच्यावर विमानंसुद्धा ऐकू येतील.

स्टांकोने तिच्याकडे बघून विचारलं, "बाई, तुम्हाला ऐकायचंय काय?"

"माझी मुलगी. टॅमसिन. गावच्या आगीच्या बंबावर असते."

त्याने मला पुढे केलं. बंबाच्या रेडिओला लागतं त्याच मापाने त्याने माझ्या सळ्या कापल्या होत्या. उंच लावा आणि उभा लावा, असं त्याने दोनदा बजावलं.

आणि डगने मला आडवा बांधला. गावातले झाडून सगळे टीव्हीचे अँटेने आडवे, मग हाच एक दीडशहाणा उभा कशाला, असं त्याचं म्हणणं. शिवाय उभ्या दांडीवर काकाकुवे बसतात आणि वायर कुरतडतात. बंबावरचा अँटेना उभा असतो, त्याला ऐकणाराही उभाच लागतो, हे त्या अर्धवटाच्या डोक्यात शिरलं नाही. काकाकुवे यायचे ते आलेच. दोन उन्हाळे मी त्यांच्या शिटेत लडबडून पडलो होतो, आणि खाली डग सगळ्यांना सांगायचा की स्वस्तातला माल असाच असतो.

मग फेब्रुवारीतला, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यातला, तो दिवस आला. सकाळपासून उत्तरेच्या वाळवंटाकडून भाजून काढणारा वारा सुटला होता. डोंगरापलीकडे आग लागली आणि टॅमसिनचा बंब तिकडे गेला. दुपारी फोनही बंद पडले. नेरिडा खरखरणाऱ्या डब्यापाशी बसून बसून शेवटी उठली. अडुसष्ट वर्षांची बाई, गुडघे कुरकुरत शिडी चढली. तिने मला सोडवलं, स्टांकोने बजावलं होतं तसं उभं केलं आणि गवताच्या भाऱ्याच्या दोरीने धुराड्याला घट्ट आवळलं. ती खाली पोचते न पोचते तोच टॅमसिनचा आवाज स्वच्छ आला. पाणी भरतोय, सगळे ठीक आहोत, असं ती सांगत होती. नेरिडा ओट्याला टेकून रडली. त्या एका घटकेपुरता मला माणसांचा राग नव्हता.

चारच्या सुमाराला वारा फिरला. आग आमच्या रस्त्याकडे वळली.

"माझी आई घरीच असेल," टॅमसिन वायरलेसवर बंबवाल्यांच्या कप्तानाला म्हणाली. "फोन लागत नाही. आम्ही तिकडे वळतो."

कप्तान म्हणाला, रस्ता पेटलाय, थांब. ती म्हणाली, थांबत नाही.

नेरिडा डब्यावर ओरडली, "येऊ नकोस गं, मी निघते." पण ज्या डब्यातून फक्त ऐकू येतं, त्यातून बोलणार कसं? तिने किल्ल्या घेतल्या आणि मागच्या कच्च्या वाटेने गाडी, आगीत गाव आसऱ्याला जमतो त्या फुटबॉलच्या मैदानाकडे हाकली.

घरातली वीज गेली. तरी माझ्या अंगावर लहरी येतच होत्या. मैदानावरून कुणीतरी वायरलेसवर सांगितलं, नेरिडा पोचली. टॅमसिनने ते ऐकलं. मग टॅमसिन म्हणाली, "बंब मागे घेते." तोवर पत्रा तापून लाल झाला होता.

तीन दिवसांनी दोघी मायलेकी घराच्या राखेत उभ्या होत्या. मी वितळून वाकलेला, त्यांच्या पायाशी पडलो होतो. डगने मला बुटाने उलथलं आणि सांगू लागला, बघ, मी निवडलेल्या अँटेन्याने तुझा जीव वाचवला. त्याने निवडलं होतं ते धूड, मला नव्हे.

टॅमसिनचं त्याच्याकडे लक्षही नव्हतं. "लवकर निघा, लवकर निघा, असं मी सगळ्या गावाला सांगत फिरते. तू सकाळीच का नाही निघालीस, आई?"

"मग तुझा आवाज कुठे ऐकला असता?"

टॅमसिनने आईचा हात धरला आणि सोडलाच नाही.

तेव्हापासून मला स्वतःचीच किळस येते. ती माझ्यासाठी थांबली होती, आणि तिच्यासाठी मुलगी आगीत शिरणार होती. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. अँटेना खुशाल घ्या, स्वस्तातला घ्या, उभा लावा. पण वाऱ्याचा दिवस असेल तर त्याच्या खाली कान लावून बसू नका. तुमचं माणूस बंबावर असेल, तर तुम्ही आधीच निघून गेलात एवढंच त्याला कळायला हवं असतं.