कपाट झालेला फ्रीज

मित्रांनो, मी एक जुना फ्रीज आहे. पण माझ्यात कधी दुधाचं पातेलं ठेवलं गेलं नाही. मी लशींचा फ्रीज, उन्हावर चालणारा! एका दूरच्या देशाच्या सरकारने मदत म्हणून मला या डोंगरावरच्या दवाखान्यात पाठवलं. आलो तेव्हा काय माझा थाट! फीत कापली, फोटो निघाले.

दोन वर्षं मी इमानेइतबारे राबलो. मग माझ्या पाठीतला तळहाताएवढा एक भाग जळाला. तो बदलायचा कसा, हे कुणाला शिकवलंच नव्हतं. माझं कपाट झालं. माझ्यात रजिस्टरं आणि नर्सताईंची छत्री राहू लागली. लशीसाठी आया चार तास चालत शहर गाठायच्या. पुष्कळ जणी जायच्याच नाहीत.

एके दिवशी त्या सरकारच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या. म्हणाल्या, "आमच्या देशात लोक विचारतात, ही मदत उपयोगी पडते का? पुढे द्यायची की बंद करायची? नवा फ्रीज मंजूर करते, सहा महिन्यांत येईल."

"सहा महिने?" नर्सताई उसळल्या. "शेजारच्या गावात गोवर आलाय, बाई! नवा नको. जळालेला भाग द्या आणि दुरुस्ती शिकवणारं माणूस द्या. शिकायला आमच्या गावातले रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मावशी आहेत."

अधिकारी बाईंनी माझं दार उघडून आतली छत्री पाहिली. मग त्यांनी नव्या फ्रीजच्या अर्जावर काट मारली आणि खाली लिहिलं, 'जळालेला भाग आणि शिकवणारा तंत्रज्ञ'.

आठव्या दिवशी नवा भाग घेऊन तंत्रज्ञ आला. त्याने पेचकस थेट मावशींच्या हातात दिला! मावशींनी माझी पाठ उघडली, नवा भाग बसवला. काहीच हललं नाही.

"अगं बाई, वायर उलटी लावली की मी!" मावशी ओरडल्या.

त्यांनी ती सुलट केली आणि मी घुरघुरलो! तापमानाचा काटा हळूहळू उतरू लागला. नर्सताई दुपारभर मोठ्याने मोजत होत्या, "वीस... बारा... आठ... पाच! पाचावर थांबला!" त्यांनी मावशींना अशी मिठी मारली की चष्मा पडला.

दुसऱ्या दिवशी लशी आल्या आणि आयांची रांग फाटकाबाहेर गेली. गोवर आमच्या गावाच्या वेशीवरूनच माघारी फिरला. आता मावशी सहा दवाखान्यांतले फ्रीज दुरुस्त करतात.

मदतीचं पुढे काय ठरलं, मला अजून कळलेलं नाही. पण मित्रांनो, कुणाला काही द्याल, तेव्हा ते सांभाळायची विद्याही द्या. आणि तुम्हाला मिळालं, तर त्याची पाठ उघडून बघायला भिऊ नका. थांबा हं, नर्सताई दार उघडतायत. बाहेर कुणाचं तरी बाळ आतापासूनच भोकाड पसरून बसलंय!