पोचल्याचा शिक्का

मंत्रालयाच्या अहवालाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर ग्लेनिसचं बोट थांबलं. तक्त्यात लिहिलं होतं: लहान कारखाने, आलेली उत्तरं, एक. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. एकाच्या पुढचे आकडे छापायचे राहिले असतील म्हणून पान खिडकीशी धरूनही पाहिलं. एकच होता.

तिनं स्वतःच्या हातानं दोनशे चौदा पत्रं पाठवली होती. टपाल कचेरीत दोन खेपा झाल्या होत्या आणि दुसऱ्या खेपेनंतर आठवडाभर तिची कंबर धरली होती.

तक्त्याखाली बारीक अक्षरात खुलासा होता. एकाच मजकुराची दोनशे चौदा पत्रं मिळाली, ती सगळी मिळून एक उत्तर धरण्यात आली. बस, एवढंच. इंग्लंडातल्या या कुंभारगावांतल्या, लाँगटनपासून टनस्टॉलपर्यंतच्या दोनशे चौदा कारखानदारांना मंत्रालयानं एका ओळीत गुंडाळून टाकलं होतं.

लहान चिनीमाती कारखान्यांच्या या संघाची कचेरी ग्लेनिस चौतीस वर्षं सांभाळत होती. अध्यक्ष आले, फोटो काढून घेतले आणि गेले. आलेला कागद शिक्का मारून फायलीत लावायचा आणि गेलेल्या कागदाची नोंद ठेवायची, हे मात्र तिनं कधी चुकवलं नाही. गॅसच्या दरात सवलत कुठल्या धंद्यांना द्यायची, असं मंत्रालयानं फेब्रुवारीत लेखी विचारलं, तेव्हा तिनं कंबर कसली. कारण साधं होतं. तिच्या धाकट्या भावाचा, नेव्हिलचा, एकोणीस माणसांचा कारखाना होता आणि सवलतीवाचून तो नाताळपर्यंत तगत नव्हता.

आता कुंभारकाम करणारी माणसं लिहिण्याच्या नावानं अंग चोरतात, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं एक झकास पत्र तयार केलं, दोनशे चौदा प्रती काढल्या आणि सगळ्यांना सांगितलं, तुम्ही फक्त सही करा, बाकी माझ्यावर सोडा. मंडळी खूश झाली. कुणीतरी तिला चॉकलेटचा डबाही दिला. त्या डब्याची आठवण झाली आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच तक्त्यात वरच्या ओळीत तीन बड्या कंपन्यांची एकेचाळीस उत्तरं होती. त्यांनी लंडनची एक संस्था भाड्यानं घेऊन एकेचाळीस पत्रं एकेचाळीस तऱ्हांनी लिहवून घेतली होती. त्यात त्यांच्या उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाचंही एक होतं. ती एकेचाळीस मोजली गेली आणि सवलत बड्या भट्ट्यांपुरती मिळाली.

अकरा वाजता संघाचे संचालक पियर्स लॅथम शीळ घालत आले. बड्या कंपन्यांचे नवे सल्लागार म्हणून जानेवारीपासून ते लंडनला जाणार होते, हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तिला कुणी सांगण्याची तसदी घेतली नव्हती, एवढंच. त्यांनी वार्तापत्राचा मजकूर तिच्या टेबलावर ठेवला. मथळा होता, 'आपला आवाज पोचला'.

"अहो, पण आपलं एकच धरलंय त्यांनी," ती म्हणाली.

"ग्लेनिस, पत्रांवर काही ठरत नसतं. ठरतं ते जेवणाच्या टेबलावर."

"मग पत्रं कशाला मागवली?"

"मागवावी लागतात," ते म्हणाले आणि कोट अडकवायला आत गेले.

जेवणाची टेबलं तिनंही एकदा पाहिली होती. बारा वर्षांपूर्वी संघाची माणसं मंत्रालयात गेली, तेव्हा वह्या धरायला तिला नेलं होतं. चहा आला. लाँगटनचा माणूस लग्नाच्या पंगतीतही आधी बशी उलटी करून कुणाच्या कारखान्याचा शिक्का आहे ते बघतो आणि मग घास घेतो. तिनंही उलटी केली. शिक्का परदेशातला होता. तेव्हाच्या अध्यक्षांनी टेबलाखालून तिच्या पायाला पाय लावला म्हणून ती गप्प बसली. बोलायला हवं होतं, असं तिला आता वाटलं. पण या आताच्या वाटण्याचा काय उपयोग?

आणि तेव्हाच्या गप्प बसण्यापेक्षा वाईट गोष्ट तिच्या खणात होती.

मार्चमध्ये नेव्हिल हातानं लिहिलेली चार पानं घेऊन आला होता. भट्टीशेजारी बसून लिहिलेली, कोपऱ्यावर ओल्या मातीचा अंगठा उमटलेला. मंत्रीसाहेब, एकदा या आणि पहाटे भट्टी उघडताना तिच्या तोंडाशी उभे राहा, चहा मी करतो, अशी सुरुवात. पुढं आईचे हात, ती कपांवर सोनेरी कडा कशी काढायची, वडिलांचा खोकला, कारखान्यात राहिलेल्या एकोणीस माणसांची नावं, प्रत्येकाचं काम. ग्लेनिसला शरमल्यासारखं झालं. असं कुणी मंत्र्याला लिहितं का, लोक हसतील आपल्याला, असं तिच्या मनात आलं. पण त्याच्या तोंडावर ती म्हणाली, ठेव, पाठवते. मग छापील पत्रावर त्याची सही घेतली आणि ही चार पानं खणात टाकली. पाठवली असती तर एकाची दोन उत्तरं झाली असती, फार काही नाही. पण ते दुसरं कुणीतरी वाचलं असतं.

दुपारी नेव्हिल आला. दर गुरुवारी तो चीज आणि बेकन घातलेले, धिरड्यासारखे ओटकेक आणायचा, तसे आजही आणले होते. बातमी त्यानं सकाळीच रेडिओवर ऐकली होती.

"गॅस बंद केला," तो म्हणाला. "भट्टी गार व्हायला दोन दिवस लागतील. भट्टीवाला डेरेक तिथंच बसून आहे. म्हणतो, ऊब आहे तोवर बसतो."

तिनं मान हलवली. पुडी तिच्यासमोर ठेवून तो उभाच राहिला.

"एक विचारू? माझं पत्र वाचलं का गं कुणी? नाही, वाचून नाही म्हणाले असतील तर माझं काही म्हणणं नाही. ऐकून घेतल्यावर माणूस नाही म्हणाला, तर आपण काय करणार."

हो म्हणणं किती सोपं होतं. 'आपला आवाज पोचला' हे समोर टाइप करून तयारच होतं. ग्लेनिसनं खण उघडला आणि चार पानं टेबलावर ठेवली.

"मी पाठवलंच नाही, नेव्हिल. मला लाज वाटली."

त्यानं पहिल्या दोन ओळी वाचल्या, मातीच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग जन्माच्या सवयीनं, बशी उलटावी तशी पानं उलटी केली. शेवटच्या पानाच्या पाठीवर तिचाच निळा शिक्का होता. वर संघाचं नाव, खाली 'पोचले', तारीख नऊ मार्च. चौतीस वर्षांत शिक्का न मारता तिनं एकही कागद आत घेतला नव्हता.

त्यानं शिक्क्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"सरळ बसलाय," तो म्हणाला. "कुठं फिसकटला नाही."

त्यानं पानांची घडी करून आतल्या खिशात ठेवली, टोपी घातली आणि पुडी तिच्याकडे सरकवली.

"खाऊन घे. गार होतायत."