कडीमास्तर आणि बुडायचं जहाज

कडीमास्तरांच्या घरात दार उघडं राहिलेलं कधी कोणी पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी एका युद्धनौकेवर एकच काम केलं होतं. पाण्याच्या पातळीखालची लोखंडी दारं रोज लावायची, त्यांचे दांडे घट्ट पिळायचे, आणि एका खोलीत पाणी शिरलंच तर ते दुसरीत जाऊ द्यायचं नाही. ते निवृत्त झाले, हात मात्र झाले नाहीत. घरात चालतानासुद्धा मागचं प्रत्येक दार लावून, कडी घालूनच ते पुढे जात. या नादात मांजर दोनदा कपाटात अडकलं होतं आणि सासूबाई एकदा न्हाणीघरात. मांजराने ते मनावर घेतलं नाही.

"जित्याची खोड," एवढंच बायको म्हणायची. म्हणीचा उरलेला भाग नवऱ्याच्या तोंडावर म्हणणं तिला बरं वाटत नसे.

पुढे जहाजही निवृत्त झालं, आणि ते भंगारात न काढता समुद्राच्या तळाशी नेऊन ठेवायचं ठरलं. किनाऱ्यासमोर तळाला नुसती वाळू होती, आणि वाळूत मासा संसार मांडत नाही. लोखंडाची एवढी मोठी इमारत खाली मिळाली की आधी शेवाळ येतं, मग शिंपले, मग मासे बिऱ्हाड घेऊन येतात. मच्छीमारांना आसपास मासळी मिळते आणि हौशी पाणबुड्यांना बघायला जहाज. जहाज बुडवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते एका तरुण इंजिनिअर बाईच्या हाती दिलं. तिचं हे पहिलंच जहाज, आणि ती कडीमास्तरांची एकुलती एक लेक.

"मी एकतीस वर्षं जे बुडू दिलं नाही, ते तू बुडवणार?" कडीमास्तर जेवता जेवता थांबून म्हणाले.

"बाबा, भंगारात गेलं असतं तर त्याचे खिळे झाले असते. तळाशी निदान जहाज म्हणून राहील."

 कडीमास्तर उठले, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि परत येऊन जेवायला बसले.

त्यानंतर चार महिने बापलेक जहाजावरच होते. तेलाचा थेंब न थेंब पुसला, वायरी ओढून काढल्या, पाणबुडे अडकतील असं काही ठेवलं नाही. कुठला नळ कुठे जातो हे कागदावर नव्हतं, कडीमास्तरांच्या डोक्यात होतं. सुरुंग लावायचे नव्हते, कारण माशांना घर देताना आधी त्यांनाच मारणं शहाणपणाचं नव्हतं. इंजिनखोलीच्या तळातल्या झडपा वरच्या डेकवरून उघडायच्या, उघड्या दारांतून पाणी सगळीकडे सारखं पसरेल, आणि चाळीस मिनिटांत जहाज सरळ तळाशी टेकेल, असा लेकीचा हिशोब होता. त्यासाठी खालची सहा दारं उघडी ठेवून दोरीने भिंतीला बांधली होती. सातवं दार इंजिनखोलीचं. ते वर-खाली सरकायचं आणि त्याचं चाक वरच्या डेकवर होतं. तेही उघडंच होतं.

बुडवायच्या दिवशी सकाळी सात वाजता लेकीने सातही दारं स्वतः तपासली.

"मी एकदा फिरून येऊ का?" कडीमास्तरांनी विचारलं. "निरोप घेतो."

तिने घड्याळ पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "दहाच मिनिटं हं, बाबा."

ते दहाच मिनिटांत आले. डोळे लाल होते. 

दुपारी एक वाजता झडपा उघडल्या. सगळी माणसं जहाजापासून सुरक्षित अंतरावर एका मोठ्या लाँचवर जमली होती: मच्छीमार, पाणबुडे, वार्ताहर, एक बँडपथक आणि बंदर अधिकारी. या अधिकाऱ्यांनी नवा कोट शिवला होता, त्यामुळे ते दर दोन मिनिटांनी कुणीतरी फोटो काढतंय का ते बघत. जहाज हातभर खाली गेलं. टाळ्या पडल्या. बँड वाजला. आणि जहाज थांबलं.

चाळीस मिनिटं झाली, दीड तास झाला. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण या बुडत्याचा पाय काही खोलात जाईना. निघतो निघतो म्हणून दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्यासारखं ते तिथेच डुलत राहिलं. बँडवाल्यांना येत होती ती सगळी गाणी संपली, आणि त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली.

"पाच वाजेपर्यंतच परवानगी आहे," बंदर अधिकारी वार्ताहरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. "नंतर वारा फिरतो. मग ओढून परत न्यावं लागेल. बाईंचा हिशोब चुकलेला दिसतोय. पुढचं जहाज अनुभवी माणसाकडे द्यायला हवं."

लेक कोपऱ्यात कागद मांडून बसली होती. लहानपणी गणित चुकलं की ती खालचा ओठ दातात धरायची. आज तसाच धरला होता. ती चौथ्यांदा तीच बेरीज करत होती आणि उत्तर चौथ्यांदा तेच येत होतं. कडीमास्तरांचा जीव तुटला. आपल्या लेकीचं नाक चारचौघांत कापलं जातंय आणि आपल्याला काही करता येत नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला.

वेळ काढायला अधिकाऱ्यांनी कडीमास्तरांच्याच हातात माइक दिला. "आपले ज्येष्ठ कर्मचारी जहाजाच्या दोन आठवणी सांगतील."

कडीमास्तर सांगू लागले आणि हळूहळू रंगले. वादळात समोरच्या भागाला भोक पडलं होतं ती गोष्ट सांगितली. "पण एक खोली भरली, तेवढीच," ते म्हणाले. "माझ्या हाताने दार लागलं की लागलं. एकतीस वर्षांत पलीकडे थेंब गेला नाही."  डोळे टिपायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला आणि बाहेर काढला.

हातात रुमाल नव्हता. दोरीच्या सहा गुंडाळ्या होत्या, एकीसारखी एक, नीट वळलेल्या. जहाजावरचा माणूस दोरी लोळत ठेवत नाही.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळची फेरी आता त्यांना आठवली: प्रत्येक खोलीत डोकावलो, बाहेर आलो, आणि मागे वळून... शेवटी वर येऊन चाकही फिरवलं होतं. पाणी इंजिनखोलीत कोंडून बसलं होतं, आणि बाकीचं जहाज खणखणीत कोरडं होतं.

दोरीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. पुन्हा खिशात घातली असती तर प्रकरण तिथेच बुडालं असतं. त्यांनी लेकीकडे पाहिलं. ती पाचव्यांदा बेरीज करत होती.

"हिशोब बरोबर आहे," कडीमास्तर माइकवर म्हणाले. "दारं मी लावली. सवयीने. सगळी."

 मागे एक म्हातारा मच्छीमार खो खो हसायला लागला आणि त्याच्यामागून अख्खी लाँच हसली. बंदर अधिकाऱ्यांनी कोटाची बटणं लावली आणि पुन्हा काढली. लेकीने मात्र कागद मिटून कपाळाला हात लावला.

होडीतून दोघं पुन्हा जहाजाकडे निघाली, तेव्हा मान खाली घालून कडीमास्तर म्हणाले, "नाक कापलं मी तुझं."

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला पाठवलं. आजी न्हाणीघरात अडकली होती, तरी मला अक्कल आली नाही."

कोरड्या भागातली सहा दारं दोघांनी उघडून पुन्हा बांधली. या वेळी गाठी तिने मारल्या. मग वर येऊन कडीमास्तरांनी इंजिनखोलीचं चाक धरलं. हे चाक आधी पाव फेरा उलट घेऊन, खाली एक लाथ मारून मग फिरवावं लागे, आणि ती लाथ नेमकी कुठे मारायची ते त्यांनाच ठाऊक होतं. त्यांनी लाथ मारली. हात मात्र हलेना. लावण्यासाठी हजारदा फिरवलेलं चाक, पाणी आत सोडायला त्यांनी कधीच फिरवलं नव्हतं. त्यांना सरळ रडू आलं.

"घाई नाही, बाबा," लेक म्हणाली. मग घड्याळ बघून म्हणाली, "म्हणजे, आहे थोडी."

ते रडता रडता हसले आणि चाक फिरवलं. खालून पाणी धावल्याचा आवाज आला. ती दोघं लाँचवर परतली, आणि पस्तिसाव्या मिनिटाला जहाज सरळ, शांतपणे खाली गेलं. बँडने तेच पहिलं गाणं वाजवलं.

वर्षभराने लेक समुद्राच्या तळाशी जाऊन, जहाज पाहून, दुपारी घरी आली. तिचे केस अजून ओले होते.

"सातही दारांतून मासे ये-जा करतात," ती म्हणाली. "इंजिनखोलीच्या दारात एक मोठा मासा ठाण मांडून बसलाय. मला आत जाऊ देईना."

"दार धरून बसलाय म्हणजे कामाचा आहे," कडीमास्तर म्हणाले. 

जेवण झाल्यावर ते आतल्या खोलीत आडवे व्हायला गेले आणि दार तसंच सोडून पलंगावर पडले.

"अहो, दार," बायको म्हणाली.

"राहू दे उघडं. कोणाला यायचं असेल तर येईल."

ते लगेच घोरायला लागले. बायको मात्र या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली. तिला काही केल्या झोप येईना. शेवटी तीच उठली आणि दाराला कडी घालून आली.