माफीची ओळ

माझं नाव ज्योत्स्ना. जन्मापासून बहिरी. बारामतीत इंद्रजितशेठच्या फ्लेक्सच्या दुकानात पाच वर्षं डिझायनर आहे. समोरचा बोलला तर ओठ वाचते. मिशी झुपकेदार असेल किंवा तोंडात मावा असेल तर कागद पुढं करते. लोक वैतागतात. ऐकू येत नाही मला आणि त्रास होतो त्यांना!

इंदापुरातही दोन दुकानांत विचारलं होतं. एकाला माझं काम फार आवडलं, मग त्यानं लिहून दिलं, "गिऱ्हाइकाचा फोन कोण घेणार?" म्हणजे ही खुर्ची गेली की निरवांगीला घरी बसायचं आणि आईबरोबर भेंडी तोडायची. भेंडीनं माझ्या हातांची आग होते.

गेल्या बुधवारी वडगाव निंबाळकरचे आप्पासाहेब वारले. श्रद्धांजलीचा दहा बाय आठचा फ्लेक्स सकाळच्या आत चौकात लागायला हवा होता. घरच्यांनी शेठच्या मोबाइलवर लग्नातला एक फोटो पाठवला, शेठनी तो मला पाठवला. दोन म्हातारे, दोघांना सारखेच फेटे, सारखीच नाकं. मी लिहून विचारलं, यातले वारलेले कोण? शेठ फोनवर बोलत होते. बोलता बोलताच त्यांनी उत्तर टाकलं, "डावीकडचे. लवकर." घरच्यांना एकदा विचारा, असं मी पुन्हा लिहिलं. त्यांनी नुसता हात झटकला. मग मी डावीकडचे म्हातारे कापून घेतले, मागचा मांडव पुसला, फेट्याचा गुलाबी रंग उतरवला, कारण असल्या फलकावर तो बरा दिसत नाही. तयार नमुना शेठना पाठवला. त्यांचा अंगठा आला. छापला.

सकाळी आप्पासाहेबांचे धाकटे भाऊ तात्या डेअरीला दूध घालायला निघाले आणि चौकात स्वतःच्याच फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजली वाचून मटकन खाली बसले.

दहा वाजता तात्या, आप्पासाहेबांचा मुलगा राम आणि गाडीभर माणसं दुकानात आली. सगळ्यांची तोंडं एकदम चालू, मला काही वाचता येईना. शेठनी माझ्याकडं बोट केलं, मग तेच बोट स्वतःच्या कानावर दोनदा आपटलं. तोंडं बंद झाली.

मी माझा मोबाइल रामपुढं धरला. शेठचा मेसेज, वेळेसकट. त्यानं तो वाचला, नीट वाचला, मी त्याचे डोळे बघत होते. एकदा शेठकडं पाहिलं आणि मोबाइल मला परत दिला. शेठ त्याच्या मावशीचे जावई. घरात मयत झालेली, त्यात सोयऱ्याशी कोण वाकडं घेणार?

तात्या पुढं आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांना मिशी नव्हती, त्यामुळं शब्द न् शब्द कळला. "जाऊ द्या रं. लेकराला ऐकू येत न्हाय, त्येची काय चूक? मी जिता हाय की अजून."

तो हात मला झटकून टाकावासा वाटला. चूक केली असती तर पायावर डोकं ठेवलं असतं. न केलेल्या चुकीची माफी मिळाली आणि मला तिथल्या एकेकाचा संताप आला, त्या भल्या म्हाताऱ्याचासुद्धा.

माणसं गेल्यावर शेठनी नव्या फ्लेक्सचा मजकूर पाठवला. शेवटी एक जास्तीची ओळ होती: "आधीच्या फलकातील चूक आमच्या कर्णबधिर कामगाराकडून झाली. क्षमस्व." त्याखाली दुकानाचं नाव आणि नंबर.

मी लिहिलं, "हे मी करणार नाही."

ते रागावले नाहीत. शेजारी स्टूल ओढून बसले आणि सावकाश टाइप केलं, "गावाला काहीतरी सांगावं लागतं. मला लोक सोडणार नाहीत. तुला कुणीच काही बोलणार नाही." थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली, "नसेल जमत तर दुसरीकडं बघ."

दुसरीकडं कुठं, ते त्यांनाही माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "कामगारच्या जागी डिझायनर लिहू का?"

त्यांनी विचार केला आणि मान डोलावली. जणू पगार वाढवून दिला.

मी ओळ बसवली. शेठ पडद्यावर वाकले, 'कर्णबधिर' या शब्दावर दोन बोटं टेकवली आणि फाकवली. मोठं कर. मी मोठं केलं. लांबून वाचता यावं म्हणून लाल करून बघितलं, पण काळ्यावर लाल मरतं, म्हणून पिवळं केलं.

पिवळं चांगलं उठून दिसत होतं.